दुसरा कान

मयूरी धोत्रेच्या हेडफोनचा डावा कप उजव्यापेक्षा तीन मिलिमीटरने जास्त बसला होता. भूकंपाच्या आदल्या दिवशी ती जेवायला गेली असताना मी पट्टी लावून मोजलं. काहीतरी सापडतंय असं वाटलं की ती डोळे मिटते आणि डाव्या हाताने तो कप कानावर दाबून धरते. चौदा महिन्यांत स्पंज तेवढा खाली गेला होता. माझ्या हेडफोनचे दोन्ही कप सारखे होते, फुगीर, जवळजवळ नवे.

बरोबरीच्या बाईच्या हेडफोनला पट्टी लावणं हे शास्त्रीय निरीक्षण नव्हे, हे मला कळत होतं. पण वर्षभर मी तिचं सगळंच मोजत होते.

भूकंप मंगळवारी सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी झाला. डोंगरपट्ट्यातली चौदा गावं हलली. कलेक्टर कचेरीच्या तळमजल्यावरचा नियंत्रण कक्ष साडेसहाला सुरू झाला आणि सातच्या आत मी माझ्या खुर्चीत होते. तिथे फोन घेणारे वेगळे, वायरलेसवाले वेगळे, नकाशावर पथकं सरकवणारे वेगळे. आम्ही पाच जण कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसतो आणि जमीन ऐकतो. सरकारी कागदात आमचं पद ‘श्रवण विश्लेषक’ असं आहे. कचेरीत आम्हाला ‘कान’ म्हणतात.

हे कसं चालतं ते सांगायला हवं. गावोगाव ग्रामपंचायतीपर्यंत, शाळेपर्यंत, दूध केंद्रापर्यंत काचेची तार गेली आहे. केसाएवढी जाड, इंटरनेटसाठी पुरलेली. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात घनतेचे सूक्ष्म चढउतार राहतातच. तारेच्या एका टोकाने लेसरचा ठिपका सोडला की त्या प्रत्येक चढउताराशी तो जरासा विखुरतो आणि त्यातला अगदी क्षीण भाग उलटा परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून तो कुठल्या मीटरवरून आला ते कळतं. तारेजवळ कुणी पाऊल टाकलं, भिंतीवर ठोकलं, की काच काही अणूंच्या लांबीइतकी ताणली जाते आणि परतणारा उजेड तेवढाच बदलतो. आम्ही सेकंदाला दहा हजार ठिपके सोडतो. नऊ किलोमीटरची तार म्हणजे नऊ हजार कान, दर मीटरला एक. उजेडातला तो बदल पुन्हा आवाज करून हेडफोनमध्ये सोडला की ढिगाऱ्याखालचा माणूस ऐकू येऊ शकतो.

येऊ शकतो, येतोच असं नाही. भूकंपानंतर मागाहूनचे धक्के असतात, जनरेटर असतात, जेसीबी, दावं तोडून पळणारी गुरं, फुटलेल्या पाइपातलं पाणी. या सगळ्यातून यंत्र आधी गाळून देतं. जिथे माणूस असावा असं त्याला वाटतं तिथे पडद्यावर पिवळी पट्टी उमटते, मीटरच्या आकड्यासकट. यंत्राला हे मी शिकवलं. नऊ वर्षांपूर्वी अकरा महिने बसून मी साठ हजार आवाज ऐकले आणि एकेकाला नाव दिलं: माणूस, गाय, पंप, पाणी, उंदीर. यंत्र माझे निर्णय शिकलं. मी रोहिणी देवकुळे. जुने लोक त्या पिवळ्या पट्टीला अजून ‘देवकुळे पट्टी’ म्हणतात.

तरीही नुसत्या पट्टीवर पथक जात नाही. तो नियमही माझाच. आवाज ज्याला सापडला तो पहिला कान. त्याच्यावर शिक्कामोर्तब करणारा दुसरा कान, किमान पाच वर्षं अनुभवाचा. दोघांनी एकमेकांशी न बोलता मीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी करून त्या तारेच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा. डबा कक्षप्रमुख साळुंखेसाहेब उघडतात. दोन आकडे दोन मीटरच्या आत जुळले तरच पथक निघतं. आमच्याकडची घरं दगडी, मातीत रचलेली. चुकीच्या बाजूने एक दगड ओढला तर वरची भिंत खालच्या माणसावर येते. पाच वर्षांची अट पुरी करणारे आम्ही दोघं होतो. पेडणेकर डिसेंबरात निवृत्त झाले. दुसरा कान उरला एकच.

आणि तो कान गेलेला होता.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी श्रीरंगला, माझ्या नवऱ्याला म्हणाले, यंदा रातकिडे नाहीत. तो म्हणाला, नाहीत कुठे, डोकं उठवलंय त्यांनी. पुढच्या आठवड्यात मी पुण्याला जाऊन कान तपासून घेतले. माहेरचं नाव सांगितलं. आलेख सेकंदाला दोन हजार कंपनांपर्यंत सरळ होता, तिथून उतार लागला आणि अडीच हजारांच्या पुढे जवळजवळ काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता. मी म्हणाले, शाळेत शिकवते.

ठोकण्याचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तो मला अजून येतो. बाकीच्यासाठी पिवळी पट्टी होती. मी हेडफोन लावायची, वीस सेकंद थांबायची, पट्टीवरचा आकडा चिठ्ठीवर लिहायची, कधी एखादा मीटर इकडे तिकडे करून. पट्टी क्वचित चुकते. म्हणजे त्रेचाळिसाव्या वर्षीच्या माझ्या कानांवर मी बावन्नाव्या वर्षी निभावून नेत होते. खुर्ची सोडायचं मी दर सोमवारी ठरवत होते.

सोडली नाही, कारण ती मयूरीला मिळाली असती. पाच वर्षांची अट साहेबांनी तिच्यासाठी सहज शिथिल केली असती. तसं ते एकदा बोललेही होते.

मयूरीचे आजोबा आणि वडील खाणीवर दगड फोडायचे. घण घालायच्या आधी ते दगडाला हातोडी टेकवून ऐकत. खणखणला तर सलग, बद्द वाजला तर आत चीर. हे तिने पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी सांगितलं, कुठलाही अभिमान किंवा संकोच न आणता, आमच्याकडे गहू असा पाखडतात म्हणून सांगावं तसं. पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग आमची चाचणी. चाचणीत तिला चौऱ्याण्णव गुण पडले. मला माझ्या वेळी एक्याण्णव होते. साळुंखेसाहेब म्हणाले, “बाई, तुमच्यानंतर असा कान पहिल्यांदाच आला.” पुढचे काही महिने ते हेच वाक्य म्हणत राहिले. ऑक्टोबरात मुंबईहून पाहुणे आले होते, त्यांना ते म्हणाले, असा कान पहिल्यांदाच आला. मी शेजारीच उभी होते. कोणता शब्द गळला हे फक्त मलाच ठाऊक होतं.

वायरलेसवरचे हवालदार मुल्ला तर उघडच म्हणायचे, “मॅडम, ही पोरगी आल्यापासनं भिंतीआड कुणाला नावं ठेवायची सोय राहिली न्हाई.” सगळे हसायचे. मीही हसायची.

मंगळवारी सकाळी तारा वाटून देण्याचं काम माझं होतं. मयूरीला मी आंबेखिंडीची तार दिली. एकतीस घरं. नऊ वाजेपर्यंत देवळासमोरच्या पटांगणात सगळी माणसं मोजून झाली होती. यादीतलं कुणीही कमी नव्हतं. तिथे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिला म्हणाले, सोप्यापासून सुरुवात कर, नवीन आहेस. चौदा महिने झालेली मुलगी “हो मॅडम” म्हणाली आणि खुर्चीत बसली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तिने माझ्या खांद्याला हात लावला. ती एरवी हाक मारते. कदाचित आधी मारलीही असेल.

“मॅडम, माझ्या तारेवर कुणीतरी आहे.”

तिच्या पडद्यावर पिवळी पट्टी नव्हती. मी हेडफोन लावला. जनरेटरची घरघर, त्यामागे पाण्याची गळती. एवढंच. मी माझे नेहमीचे वीस सेकंद मोजले आणि काय आहे म्हणून विचारलं.

ती म्हणाली, पडलेल्या दूध केंद्राखाली खरवडणं आहे. नेमका मीटर मात्र तिने सांगितला नाही. नियमाप्रमाणे सांगायचा नसतो. मी म्हटलं उंदीर असेल. दूध केंद्र, पशुखाद्याची पोती, उंदीर असायचेच. यंत्रानेही तसंच ठरवलंय.

“उंदीर हात बदलत नाही, मॅडम.”

मग तिने समजावून सांगितलं. पंधरा-सतरा ओढी एका जोरात येतात, सारख्या. मग थांबतं. मग पुन्हा सुरू होतं, पण ओढ लांब आणि कच्ची, बारा-तेरा. मग परत पहिल्यासारखी. “छिन्नी धरून धरून उजवा हात भरून आला की डाव्यात घेतात. डावा लवकर दमतो. घरी मी रोज ऐकलंय ते. हा माणूस आहे. हाताला जागा नाही त्याला, म्हणून ठोकत नाहीये.”

मी म्हटलं, आंबेखिंडीत कुणीही बेपत्ता नाही.

“यादीतलं कुणी नाही,” ती म्हणाली. “आमच्यासारखी माणसं कुठल्या यादीत असतात? खाणीवर, रस्त्याच्या कामावर जाताना दूध केंद्राच्या ओट्यावर निजलेली असतात. थंडी असली तर आत सरकतात.”

मी पुन्हा हेडफोन लावला. आवाज वाढवला तर जनरेटर वाढला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काहीतरी ऐकल्याची खूण शोधत. मला तेव्हा काय वाटलं ते खरं लिहायचं तर ढिगाऱ्याखालच्या माणसाचा विचार दुसरा आला. पहिला विचार आला की हिला येतंय. चेहऱ्यावर थकवा, केसांत धूळ, दोन दिवसांत धड जेवलेली नाही, आणि हिला येतंय.

मी म्हणाले, “नोंदवहीत उंदीर म्हणून लिही.”

तिने लिहिलं नाही. उलट वादही घातला नाही. चिठ्ठीवर आकडा लिहिला, चार घड्या घातल्या आणि माझ्या टेबलावरच्या आंबेखिंडीच्या डब्यात टाकून परत जाऊन बसली, डावा कप दाबून.

साडेअकराला वाघशेतच्या तारेवर पिवळी पट्टी आली. शिंदे नावाच्या मुलाची तार होती ती. खालच्या पट्टीतली ठोक, तीन-तीनच्या गटात, मलाही स्वच्छ आली. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या. वाडकरांचं पथक गेलं आणि एक वाजता वायरलेसवर कळलं की सत्तर वर्षांचे एक आजोबा जिवंत निघालेत, वर आल्याबरोबर त्यांनी चष्मा मागितला. कक्षात टाळ्या झाल्या. मुल्लांनी कुणाच्या तरी डब्यातले लाडू फिरवले. साळुंखेसाहेब काचेच्या खोलीत येऊन म्हणाले, बाई, तुमचे कान आहेत म्हणून हे चाललंय. मी मान लववली. ते वाक्य मला किती दिवसांनी मिळालं होतं. पट्टी नसती तरी ती ठोक मला आली असती, असं मी मनात दोनदा म्हटलं. ते खरंही होतं. त्याने बरं वाटलं नाही.

मयूरीने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिने हेडफोन काढलाच नव्हता.

सगळे लाडूंभोवती असताना मी आंबेखिंडीचं रेकॉर्डिंग उघडलं आणि निम्म्या वेगाने लावलं. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो. तीन हजार कंपनांचा पंधराशेवर, म्हणजे माझ्या हद्दीत. शिक्कामोर्तबासाठी असं करायला बंदी आहे. मंद केला की वाऱ्यावरचा पत्राही कण्हणाऱ्या माणसासारखा वाटतो. ही बंदीही मीच घातलेली.

आधी घासल्यासारखं काहीतरी आलं. मग ते वेगळं झालं. मी मोजलं. सतरा. थांबा. मग लांबट, दुबळ्या तेरा. थांबा. पुन्हा सोळा.

मी हेडफोन काढून ठेवला आणि यंत्राच्या शिकवणीची जुनी फाईल उघडली. उंदीर या नावाखाली चार हजार एकशे बारा आवाज होते. एकूण एक मी दिलेले. त्या वर्षी आम्ही रेशनच्या एका गोदामाखाली तार टाकली होती आणि रोज खरवडणं ऐकून ऐकून मला त्याचा इतका कंटाळा आला होता की दोन सेकंदांत मी पुढे जायची. माणसांचे आवाज गोळा करायला स्वयंसेवक पोत्यांखाली झोपवले होते. त्यांना आम्ही काय सांगितलं होतं? ठोका. पुढे गावोगाव फलक लावले: अडकलात तर ठोका. खरवडा असं कुणी कुणाला सांगितलं नाही. माझ्या साठ हजार आवाजांत खरवडणारा माणूस एकही नव्हता. म्हणून यंत्राच्या जगातही तो नव्हता. हात आखडून पडलेलं माणूस जितकं खरवडेल तितकं यंत्र त्याला जास्त खात्रीने उंदीर म्हणणार होतं.

आता जागा ठरवायची होती. शेजारच्या मीटरांचे आवाज एकेक करून मंद लावले. सगळे सारखेच वाटले. कुठला मीटर सर्वांत जवळचा हे सांगणारी कड वरच्या कंपनांत असते आणि ती मंद करूनही मला धरता येईना. सहा हजार तीनशे पाच ते तीनशे पंधरा, एवढंच कळलं. दहा मीटर म्हणजे अख्खं दूध केंद्र.

मयूरी पाणी प्यायला उठली. डबा माझ्या हाताशी होता.

मी झाकण उघडलं, चिठ्ठीच्या चारही घड्या उलगडल्या. सहा हजार तीनशे बारा. तिचं अक्षर सरळ आणि सुटं आहे. मी घड्या होत्या तशा घातल्या. मग माझ्या चिठ्ठीवर सहा हजार तीनशे तेरा लिहिलं. बारा नाही, तेरा. आठ महिन्यांच्या सरावाने एवढी कला आली होती. स्वतःला सांगितलं की माणूस वाचतंय, बाकी कशाला महत्त्व नाही. आणि खुर्चीही वाचत होती.

मी साळुंखेसाहेबांना बोलावलं. म्हटलं, मयूरीच्या तारेचं मी पुन्हा ऐकलं, मघाशी गडबडीत मला नीट आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या, शेजारी शेजारी धरल्या आणि वाडकरांना आंबेखिंडीला वळायला सांगितलं. यादीत कुणी नाही, पट्टी नाही, तरी त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. दोन आकडे जुळले होते.

मयूरी दारातच उभी होती. तिच्या हातातल्या बाटलीचं झाकण उघडंच राहिलं होतं.

“तुम्हाला पण हातबदल आला ना, मॅडम?”

“आला,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय. सकाळपासनं मी वेडी झाले होते.” तिने पदवीधर मुलीसारखं नाही, घरातल्या मुलीसारखं माझं मनगट धरलं. “तुम्ही नसता तर कुणी पाठवलंच नसतं.”

माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकलेला मला आठवत नाही. आणि तिचा हात मनगटावर असताना मी काय बघत होते, तर तिचा कान. लहान, पाळीला खोटा खडा. तो कापून आपल्याला लावता आला तर, असं माझ्या मनात आलं. शास्त्र शिकलेल्या बाईच्या मनात.

पथकाला पोहोचायला पन्नास मिनिटं लागली. तीन वाजायला आले होते. माझ्यासमोर वायरलेसचा माइक आणून ठेवला, कारण खणताना पथकाला वाट दाखवायची ती दुसऱ्या कानाने. पहिला कान तेव्हा हेडफोन काढून ठेवतो, दोन माणसांनी दोन गोष्टी सांगू नयेत म्हणून. दर चार मिनिटांनी पथक हत्यारं थांबवतं आणि सगळे गप्प होतात. त्या शांततेत दुसऱ्या कानाने सांगायचं, आवाज जवळ आला का लांब, डावीकडे सरकला का उजवीकडे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे भिंत बसण्याआधी दगडांमधली बारीक खडी सरकते, तिची चुरचुर. ती ऐकू आली की ‘बाहेर’ म्हणायचं. पथकाकडे त्यासाठी पाच-सहा सेकंद असतात. ती चुरचुर साडेतीन-चार हजार कंपनांची असते. आणि निम्म्या वेगाने ऐकायला दुप्पट वेळ लागतो.

हे सगळं मला माहीत होतं. चिठ्ठी लिहिताना मी त्याचा विचार केला नव्हता, कारण पट्टी असली की यंत्र खडीच्या आवाजालाही खूण करतं. इथे पट्टी नव्हती. यंत्राने ही जागा उंदरांना देऊन टाकली होती आणि तिच्याकडे ते बघतच नव्हतं.

वाडकर वायरलेसवर आले. म्हणाले, केंद्राची मागची भिंत उभी आहे पण पोटाकडून फुगलीय. छप्पर दोन तुकड्यांत खाली आलंय. आत शिरायला दोन वाटा आहेत, डाव्या भिंतीच्या बुडातून एक, उजव्या कोपऱ्यातून एक. माझी चार माणसं तयार आहेत. आम्ही सगळे गप्प बसतोय, तुम्ही ऐका आणि सांगा.

शांतता झाली. वायरलेसवर फक्त बारीक खरखर. पलीकडे चार माणसं उकिडवी बसली असतील, हातात पहारी. त्यांच्या पलीकडे एक हात असेल. सतरा, मग तेरा.

मी दोन्ही कप कानांवर दाबले. इतक्या जोरात की कानांत माझंच रक्त ऐकू यायला लागलं. घरघर. पाणी. जनरेटर त्यांनी बंद केला तेव्हा घरघरही गेली. आता तिथे जे काही होतं ते स्वच्छ, एकटं वाजत असणार. मला पाणी ऐकू येत होतं.

साळुंखेसाहेब माझ्यामागे उभे होते. समोर मयूरी हेडफोन मांडीवर ठेवून बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. सकाळी ती खूण शोधत होती, आता शोधत नव्हती. तिला खात्री होती.

डावी म्हणाले असते तर बरोबर असण्याची शक्यता निम्मी होती. संख्याशास्त्र मी शिकवलेलं आहे, शाळेत नाही, इथेच, नव्या लोकांना. निम्मी शक्यता आपण कशाला कशाला पुरेशी मानतो, याचे धडे मी त्यांना दिले आहेत. चार माणसं आणि एक हात, यांच्यासाठी ती मी कधीच पुरेशी म्हटली नसती.

आणि त्या क्षणीही मला ती खुर्ची तिला द्यायची नव्हती. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे लोक म्हणाले की बाईंचं मन मोठं. मत्सर तसाच होता, छातीत, जूनपासून होता तिथेच. तो जाण्याची वाट बघत मी आठ महिने काढले होते. तो जाणार नव्हता. त्याच्यासकटच बोलावं लागणार होतं.

“मॅडम?” वाडकर म्हणाले. “डावी का उजवी?”

मी हेडफोन काढला आणि माइकचं बटण दाबलं.

“वाडकर, मी देवकुळे बोलतेय. हात लावू नका अजून. मला हा आवाज ऐकू येत नाही. जूनपासून वरच्या पट्टीतलं मला काहीच ऐकू येत नाही. माझी चिठ्ठी मी मयूरीची उघडून, बघून लिहिली. आकडा तिचा आहे, तो बरोबर आहे, आणि तो एकाच कानाचा आहे. नियम मोडतोय, तो माझ्या नावावर लिहा, साहेब. दुसरा कान म्हणून मी आजपासून बसणार नाही. ही खुर्ची मयूरी धोत्रेंची. वाडकर, त्या आता हेडफोन लावतायत. त्या सांगतील तीच बाजू धरा, आणि त्या ‘बाहेर’ म्हणाल्या की क्षणभरही थांबू नका.”